आत्यापासून लपवलेला कागद

श्रोतेहो, नमस्कार.

आज नीतिशास्त्राविषयी बोलायचं आहे. तत्त्वज्ञानाची ही शाखा मी कॉलेजात बरीच वर्षं शिकवली. पण सुरुवात पुस्तकापासून नको. एका दवाखान्याच्या व्हरांड्यापासून करते.

माझ्या आत्याला पोटाचा कर्करोग झाला होता. तपासणीचा कागद हाती आला त्या सकाळी आत्या आत पलंगावर होती आणि बाहेर आम्ही सात-आठ जण डॉक्टरांभोवती उभे होतो. आत्याचा मोठा मुलगा, आमचा दादा, हात जोडून म्हणाला, "आईला काही सांगू नका. अल्सर आहे म्हणा." डॉक्टरांनी मान हलवली. दादाने तो कागद फाईलमधून काढला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मग आम्ही सगळे डोळे पुसून आत गेलो. पुढचे चार महिने आत्यासमोर तो शब्द कुणी काढला नाही.

ह्यात कुणाचंही मन वाईट नव्हतं. दादा तर रात्र रात्र तिच्या उशाशी बसायचा. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हे असंच घडलं असेल. पण आम्ही केलं ते बरोबर होतं का? "सगळे असंच करतात" एवढ्याने ह्या प्रश्नाचं समाधान होत नाही. "मला तसं वाटलं" एवढ्यानेही नाही. बरोबर असेल तर का, चूक असेल तर का, असं कारण मागायला लागलो की आपण नीतिशास्त्राच्या उंबरठ्यावर येतो.

नीती आणि नीतिशास्त्र हे दोन शब्द आपण सरमिसळ वापरतो. लहान मूल व्याकरण न शिकता बोलायला लागतं, तशी नीती आपण घरात, अंगणात, शाळेत न कळत उचलतो. खोटं बोलू नये, दुसऱ्याचं घेऊ नये, दारी आलेल्याला पाणी विचारावं. ही झाली नीती. तिच्या मुळाशी कोणती तत्त्वं आहेत, ती एकमेकांशी जुळतात का, हे तपासणं म्हणजे नीतिशास्त्र. 'नीती'च्या मुळाशी संस्कृतातला 'नी' हा धातू आहे, आपल्या मराठीतलं 'नेणे' त्याचंच. नीती म्हणजे नेणारी. कुठे नेणारी, हे विचारायचं काम शास्त्राचं. ग्रीक भाषेत ह्या विषयाचं नाव रीतीरिवाज आणि स्वभाव ह्या अर्थाच्या शब्दांवरून आलं. पुढे त्याला लॅटिन प्रतिशब्द हवा होता, तो रोमच्या सिसेरोने 'रूढी' ह्या अर्थाच्या शब्दावरून घडवला. म्हणजे नावातच रूढी आहे. आणि ह्या शास्त्राचं पहिलं काम कोणतं, तर रूढी आणि नीती ह्यांची फारकत करणं.

ह्याचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. विधवेचं केशवपन ही एके काळी इथल्या उच्च जातींतली धर्माची, अब्रूची, नीतीची गोष्ट समजली जायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईतले नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही असं त्यांनी ठरवलं. कायदा त्यांना काही सांगत नव्हता. रूढी तर उलटच सांगत होती, आणि धंद्याचं नुकसान होतं ते वेगळंच. तरी वस्तरा खाली ठेवला गेला. रूढी, कायदा आणि नीती ह्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला विद्यार्थ्यांना सांगायचं असे, तेव्हा तो खाली ठेवलेला वस्तरा आठवायचा.

ह्याच फारकतीचं तर्कशुद्ध रूप स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने १७४०च्या सुमारास मांडलं. लोक 'असं आहे, असं आहे' म्हणत जातात आणि मध्येच 'असं असावं' वर उडी मारतात. ती उडी कशाच्या आधारावर मारली, हे सांगितलं पाहिजे. सगळे लपवतात, हे 'आहे' झालं. लपवावं, हे त्यातून आपोआप निघत नाही.

आता पुन्हा व्हरांड्यात येऊ. त्या सकाळी आमच्या एका काकांनी वचन म्हटलं होतं: "सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात् न ब्रूयात् सत्यमप्रियम्." खरं बोलावं, गोड बोलावं, कडू लागेल असं खरं बोलू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. घरी आल्यावर मी मनुस्मृतीचा चौथा अध्याय काढून पाहिला. पुढची ओळ अशी: "प्रियं च नानृतं ब्रूयात्." गोड लागेल असं खोटंही बोलू नये! अर्धा श्लोक आपण पिढ्यान् पिढ्या घोकतो आणि उरलेला अर्धा सोयीने गाळतो. त्या ग्रंथाचा अधिकार मी मानत नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला तो जाळला तो माणसाच्या बरोबरीसाठी, आणि ते पाऊल मला पूर्णपणे नीतीचं वाटतं. मुद्दा एवढाच, की आधाराला घेतलेलं वचनसुद्धा आमच्या बाजूने नव्हतं.

मग खोटं कधी चालतं का? महाभारताच्या कर्णपर्वात कौशिकाची गोष्ट आहे. अर्जुन आपलं व्रत पाळण्यासाठी थेट धर्मराजावर तलवार उपसतो, तेव्हा श्रीकृष्ण त्याला ती सांगतात. गावाजवळ नद्यांच्या संगमावर कौशिक नावाचा तपस्वी राहायचा. कायम खरंच बोलायचं हे त्याचं व्रत. एकदा दरोडेखोरांच्या भीतीने पळणारी माणसं त्याच्या जवळच्या रानात शिरली. मागून दरोडेखोर आले. त्यांनी विचारलं, महाराज, माणसं कुठे गेली? कौशिकाने रान दाखवलं. माणसं मारली गेली, आणि खरं बोलणारा कौशिक नरकात गेला.

जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट ह्यांच्यासमोर १७९७ साली जवळजवळ हाच प्रसंग आला होता. मारेकरी दाराशी आलाय, तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय, मारेकरी विचारतोय, तो आत आहे का? बेंजामिन कॉन्स्टंट नावाच्या फ्रेंच विचारवंताचं म्हणणं असं, की ज्याला खरं ऐकण्याचा हक्कच नाही त्याला खरं सांगण्याचं कर्तव्यही नाही. कांट ह्यांचं उत्तर होतं, तरीही खोटं बोलता येणार नाही. तुम्ही 'घरात नाही' म्हणालात, तेवढ्यात मित्र मागच्या दाराने निसटला आणि मारेकऱ्याला रस्त्यात सापडला, तर ती जबाबदारी तुमच्यावर. परिणाम आपल्या हातात नसतात, सत्य असतं. आणि खोट्याला एकदा वाट दिली की माणसामाणसांतले सगळे करार, सगळा विश्वास पोखरला जातो.

मारेकऱ्याच्या बाबतीत मी कांट ह्यांच्या बाजूची नाही. तिथे मला कृष्णाचं पटतं. पण कांट ह्यांनी आधी, १७८५ साली, आणखी एक गोष्ट सांगितली होती: कुठल्याही माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे असं धरून वागा. हे मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. आत्याच्या पलंगापाशी मात्र ते मला आठवलं नाही.

आम्ही तेव्हा हिशेब करत होतो तो परिणामांचा. तिला कळलं तर ती खचेल, जेवणार नाही, दुखणं वाढेल. हा हिशेब हलका नाही. इंग्लंडात बेंथॅम आणि मिल ह्यांनी त्यावर अख्खी विचारसरणी उभी केली: ज्या कृतीने सर्वांचं मिळून सुख जास्तीत जास्त वाढतं ती योग्य. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या गीतारहस्यात टिळकांनी ह्यालाच 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' म्हटलं आणि त्याची सविस्तर उलटतपासणी केली. तिथे अमेरिकेतल्या एका शहरातल्या ट्रामचा दाखला आहे. ट्राम लोकांच्या सोयीची, सरकारी परवानगीला उशीर होतोय, म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना पैसे चारले. ट्राम सुरू झाली, लोक सुखी झाले. पुढे लाच उघडकीला आली आणि व्यवस्थापक दोषी ठरला. सुखाची बेरीज वाढली, तरी लाच चांगली का वाटत नाही? कारण नुसता परिणाम पाहून चालत नाही, बुद्धीही पाहावी लागते, असं टिळकांचं म्हणणं.

आमच्या हिशेबात मला दुसरीच खोट दिसते. बेरीज आम्ही केली, आणि जिच्या सुखाची ती बेरीज होती तिला विचारलंच नाही. आत्याला मे महिन्यात एकदा कोकणात माहेरी जायचं होतं. आम्ही म्हणायचो, बरी झालीस की जाऊ. तिच्या दोन पितळी पातेल्यांपैकी कोणतं कुठल्या सुनेला द्यायचं ते तिला ठरवायचं होतं. आम्ही म्हणायचो, एवढी काय घाई आहे? उरलेले दिवस तिचे होते. ते कसे घालवायचे हे आम्ही परस्पर ठरवून टाकलं.

आणि एक दुपार. सगळे जेवायला गेले होते, मी एकटी होते. मोसंबं सोलत होते. आत्या छताकडे पाहत म्हणाली, "मला काय झालंय ते तुला माहीत आहे ना गं?" माझा हात थांबला. मी म्हणाले, "काही नाही आत्या, अशक्तपणा आहे. औषधाने जाईल." तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. मोसंब्याची फोड तिने घेतली नाही. त्यानंतर तिने ते कुणालाही विचारलं नाही.

त्या नजरेने मला जे शिकवलं ते कुठल्याही ग्रंथाने शिकवलं नव्हतं. मारेकऱ्याचा त्या सत्यावर हक्क नव्हता. आत्याचा होता. शरीर तिचं, मरण तिचं. जो शब्द दादाच्या खिशात होता तोही तिचाच. खोटं दोन्हीकडे सारखंच दिसतं. पण एक खोटं माणसाला वाचवतं, आणि दुसरं त्याला त्याच्याच आयुष्यातून बाहेर बसवतं. ह्या दोन्हींतला फरक सांगता येणं, तोही कारणासह, ह्याला मी नीतिशास्त्राचं मर्म मानते.

आता कुणी विचारेल, मग काय, डॉक्टरांनी सकाळी येऊन धाडकन सांगून टाकायचं? नाही. इथे ॲरिस्टॉटल कामाला येतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला हा ग्रीक विचारवंत नियमापेक्षा माणसाच्या घडणीकडे जास्त पाहतो. रागावणं सोपं आहे, तो म्हणतो. योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य तेवढं आणि योग्य रीतीने रागावणं अवघड. खरं सांगण्याचंही तसंच आहे. किती सांगायचं, कोणत्या शब्दांत, कोण जवळ असताना, तिला किती ऐकायचं आहे हे ओळखून. एखाद्याला खरोखर ऐकायचं नसेल तर तेही त्याचंच ठरवणं. ही जाण सवयीने, चुकतमाकत येते. पोहायला पाण्यात उतरूनच शिकावं लागतं, तसं.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात नियम आणि तत्त्व ह्यांत भेद केला आहे. नियम पाककृतीसारखा असतो: हे घ्या, असं करा. तत्त्व नेमकी कृती सांगत नाही, ते पारखण्याची दृष्टी देतं. नियम पाळणारा यंत्रासारखा पाळू शकतो. तत्त्वाने वागणाऱ्याला जबाबदारी घ्यावी लागते. 'आजाऱ्याला सांगू नये' हा आमच्या घरातला नियम होता आणि तो आम्ही पाळला. 'आजाऱ्याला सगळं सांगावं' असा उलटा नियम केला, तर आणखी कुठल्या तरी पलंगापाशी तो तितकाच आंधळा ठरेल.

दादावर माझा राग नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. तो कागद त्याने अजून जपून ठेवला आहे, घड्यांवर विरलेला. गेल्या वर्षी त्याने मला तो दाखवला. दोघंही काही बोललो नाही.

ती दुपार मात्र माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. हातात अर्धवट सोललेलं मोसंबं असतं, आत्या छताकडे पाहत विचारते, आणि मी साल बाजूला ठेवून तिचा हात हातात घेते. "हो आत्या, माहीत आहे. तुला ऐकायचंय का? थांब, जरा जवळ सरकते."