ठणका की कळ?

नमस्कार श्रोतेहो. ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या ओपीडीत मी बरीच वर्षं परिचारिका होते. आता निवृत्त होऊन ऐरोलीला असते. आज तुमच्याशी बोलायचंय ते डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या संध्याकाळबद्दल.

सकाळी केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, मग दोन तास बाकावर बसायचं. नंबर लागला की आत जायचं. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आणि माणूस म्हणतो, "दुखतंय." कुठे? "सगळीकडेच." कधीपासून? "झाले बरेच दिवस." मिळालेली पाच मिनिटं अशीच निघून जातात. हे मी रोज पाहिलंय आणि रोज हळहळले आहे. कारण आपल्या मराठीत दुखण्याला इतके शब्द आहेत की ते नीट वापरले तरी डॉक्टरांचं निम्मं काम हलकं होतं.

बघा ना. ठणका म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर दुखणं. गळू पिकलं, दाढेत पू झाला की ठणकतं. कळ येते आणि जाते, पुन्हा येते. मूतखड्याची कळ अशीच कमरेतून जांघेकडे उतरते. चमक क्षणात भरते. मुरडा पोटातच येतो. जळजळ वेगळी, टोचणं वेगळं, ठुसठुस वेगळी. पायाला मुंग्या येतात, पाय बधिर होतो, पोटरीत पेटके येतात, या तिन्ही निरनिराळ्या तक्रारी आहेत. मधुमेह असलेल्या माणसानं "तळपायांची आग होते" असं नेमकं सांगितलं, तर डॉक्टर नसांचा विचार करतील. नुसतं "पाय दुखतात" म्हटलं तर गुडघ्याकडे बघतील. म्हणून आदल्या संध्याकाळी शांत बसा आणि आपल्या दुखण्याचा शब्द शोधा. नवी मुंबईत डॉक्टर पुष्कळदा मराठी नसतात. तेव्हा शब्द अडला तर बोटानं जागा दाखवा, हातानं दाबून दाखवा. ती खूण कुठल्याही भाषेत कळते.

एक मात्र करू नका. "ॲसिडिटी झालीय", "वात आहे" असं सांगू नका. तो निष्कर्ष आहे आणि तो काढणं डॉक्टरांचं काम. एक काका आले होते. गॅसची गोळी लिहून द्या, म्हणाले. बायको सोबत होती म्हणून बरं. ती म्हणाली, "अहो, स्टेशनचा पूल चढताना थांबता ना तुम्ही, ते सांगा की." पूल चढताना छातीवर ओझं ठेवल्यासारखं व्हायचं आणि दोन मिनिटं उभं राहिलं की जायचं. हे लक्षण हृदयाचं असू शकतं. डॉक्टरांनी तिथल्या तिथे ईसीजी काढायला पाठवलं. आणि हेच ओझं बसल्या जागी आलं, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखायला लागलं, तर नंबर लावायचाच नाही. 108 ला फोन करायचा.

आता पिशवी. घरात चालू असलेली प्रत्येक गोळी पट्टीसकट पिशवीत टाका. "ती छोटी पांढरी गोळी" असं सांगून कुणालाच काही कळत नाही; पांढऱ्या गोळ्या शेकड्यांनी आहेत. केमिस्ट चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव आणि तारीख उरलेल्या तुकड्यावर राहते. त्यामुळे कापलेल्या पट्टीबरोबर बिल जपून ठेवा. गुडघ्यासाठी परस्पर घेतलेली वेदनाशामक गोळीही त्या पिशवीतच. रोज घेतल्यास तिनं रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. आणि मग आपण विचारत बसतो की बीपीची गोळी लागू का पडत नाही. काढे, चूर्णं, कुणी गावाहून पाठवलेली भस्मं, तीही घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दात काढायला जातानासुद्धा सांगायची, पण मनानं बंद करायची नाही. मिशरीचं तर कुणी सांगतच नाही. मावशी, तोंडातला पांढरा चट्टा आम्हाला दिसतोच. तुम्ही आधी सांगितलंत तर तपासणी लवकर होते, एवढंच.

उपाशीपोटी रक्त द्यायचं तर किमान आठ तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं, चहा नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. काही जण तपासणीच्या आधी दोन दिवस भात सोडतात, म्हणजे आकडा चांगला येईल. पण तीन महिन्यांची शुगर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी असते, तिला उपास लागत नाही आणि दोन दिवसांच्या पथ्यानं ती फसतही नाही. बीपी बघायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. लघवीला जाऊन या आणि पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा. जिना चढून धापा टाकत दिलेला आकडा खरा नसतो.

शेवटी एक प्रसंग सांगते. एक मावशी गुडघ्यासाठी आल्या होत्या. मुलगा शेजारी उभा. गोळ्या लिहून झाल्या, त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सिस्टर, पाळी जाऊन सहा वर्षं झाली, पण गेल्या महिन्यात डाग दिसला." खरं तर त्या याच्यासाठीच आल्या होत्या. पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का होईना, तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवं; कर्करोग नाही ना, हे तपासावं लागतं. मी मुलाला औषधं आणायला पाठवलं आणि मावशींना परत खुर्चीत बसवलं.

बायांनो, पुरुषांनो, घरच्यांसमोर बोलवत नसेल असं काही असेल, तर आत जायच्या आधीच सिस्टरना हळूच सांगा, "मला एकटीला बोलायचंय", "मला एकट्याला बोलायचंय." सोबतच्यांना बाहेर कसं थांबवायचं, ते आम्हाला चांगलं जमतं.

नमस्कार.