रेडिंग : आपल्या पायाखालचं गाव

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

इंग्लंडमधल्या या बर्कशरमध्ये आपण इतके जण राहतो, पण रेडिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्टेशन, आयटी पार्क आणि ओरॅकल मॉल एवढंच येतं. आज मला या गावातल्या जुन्या इमारतींबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात तुरुंगापासून करायचीय.

फोर्बरी रोडवरचा लाल विटांचा तुरुंग तुम्ही गाडीतून जाता-येता पाहिला असेल. तो 1844 साली बांधून झाला. लेखक ऑस्कर वाइल्ड इथेच कैदेत होता. या तुरुंगाचा आराखडा मॉफट या भागीदारासोबत ज्यानं केला, त्याचं नाव जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबईत ओव्हल मैदानावर उभं राहिलं की समोर दिसतो तो राजाबाई टॉवर आणि त्याच्या शेजारचा विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह, ही कामंही याच स्कॉटची. तो हिंदुस्थानात कधीच आला नाही. त्यानं इंग्लंडमध्ये बसून नकाशे काढले, प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला, आणि 1878मध्ये टॉवर पुरा झाला. आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्या टॉवरच्या सावलीत परीक्षेचे फॉर्म भरलेत. त्याच माणसाच्या हातचं काम इथं आपल्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, हे कळल्यापासून मला हे गाव परकं वाटेनासं झालं.

तुरुंग 2013मध्ये बंद झाला. तिथं कलाकेंद्र व्हावं म्हणून गावानं मोठी मोहीम चालवली. 2021च्या मार्चमध्ये एका रात्रीत बँक्सी या भित्तिचित्रकाराचं चित्र तुरुंगाच्या भिंतीवर उमटलं : चादरींना गाठी मारून केलेल्या दोरावरून एक कैदी खाली उतरतोय आणि दोराच्या टोकाला टाइपरायटर लटकतोय. शेवटी 2024मध्ये सरकारनं तो तुरुंग एका शैक्षणिक संस्थेला विकला. पुढे तिथं काय होतं, याकडे आपलं लक्ष असायला हवं. ती जागा साधी नाही. राजा पहिला हेन्री यानं 1121मध्ये स्थापन केलेल्या मठाच्या आवारातच हा तुरुंग उभा आहे. 1136च्या जानेवारीत हेन्रीला त्याच मठात पुरलं.

तो मठ 1539मध्ये आठव्या हेन्रीनं मोडीत काढला, शेवटच्या मठाधिपतीला फाशी दिलं. मग गावानं मठाचा दगड वाहून नेला. भिंतींवरचे घडीव चिरे गेले, आतला गारगोटी आणि चुन्याचा गाभा तेवढा राहिला. म्हणून ते अवशेष असे खडबडीत दिसतात. पडझडीच्या भीतीनं ते काही वर्षं बंद होते. डागडुजी होऊन 2018मध्ये पुन्हा खुले झाले. शेजारची वेस 1861च्या वादळात कोसळली, तेव्हा ती पुन्हा उभी करायला कोणाला बोलावलं? स्कॉटलाच. या वेशीत एके काळी मुलींची शाळा भरायची आणि कादंबरीकार जेन ऑस्टिन लहानपणी तिथं शिकली.

आता रस्त्यांकडे वळू. जॉर्ज पामरचा पुतळा 1891मध्ये ब्रॉड स्ट्रीटवर बसवला होता. रहदारी वाढली तसा 1930मध्ये तो पामर पार्कात हलवला. आज त्याच ब्रॉड स्ट्रीटवर गाड्याच नाहीत, आपण तिथं पायी फिरतो. पामर म्हणजे हंटली अँड पामर्स बिस्किटवाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे पाच हजारांवर माणसं कामाला होती. 1976मध्ये रेडिंगमधलं उत्पादन थांबलं. कारखाना गेला, पण न्यूटाउनमधल्या कामगारांच्या घरांच्या रांगा आहेत. एकदा सावकाश चाला तिथून. लाल भिंतीत राखाडी विटा अशा बसवल्यात की पट्टे आणि चौकटी उमटतात. साध्या मजुराच्या घरालाही गवंड्यानं नक्षी दिली, याचं मला फार कौतुक वाटतं. अशा नक्षीदार वीटकामाला पालिकेनं काही रस्त्यांवर खास संरक्षण दिलंय, त्यामुळे तिथं भिंत रंगवायची किंवा गिलावा करायचा तर आधी परवानगी लागते. आपल्यातले अनेक जण आता अशी घरं विकत घेतायत. सही करण्यापूर्वी वकिलाला एवढं जरूर विचारा.

फोर्बरी गार्डनमधल्या सिंहासमोर आपण सगळ्यांनी फोटो काढलेत. ओतीव लोखंडाचा हा सिंह 1886मध्ये बसवला. शिल्पकार जॉर्ज ब्लॅकॉल सायमंड्स, इथल्या ब्रुअरीवाल्यांच्या घराण्यातला. 27 जुलै 1880 रोजी अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत बर्कशर पलटणीचे जे सैनिक पडले, त्यांची नावं चौथऱ्यावर कोरलीत. पण त्या रणांगणावर ही पलटण एकटी नव्हती. मुंबई इलाख्याच्या फौजेतले ग्रेनेडियर्स होते, जेकब्स रायफल्स होते, घोडदळ होतं, आणि आज ज्यांचं केंद्र आपल्या खडकीला आहे ते बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्करी अभियंतेही होते. त्यांतलेही शेकडो मेले. त्यांची नावं या चौथऱ्यावर नाहीत. स्मारक बर्कशरनं आपल्या पोरांसाठी उभारलं, हे मला समजतं. तरीही आपल्या मुलांना तिथं नेताना ही अर्धी गोष्ट आपणच सांगायला हवी, दुसरं कोण सांगणार?

एक कामाची गोष्ट. दिव्याच्या खांबाला प्लास्टिकच्या पाकिटात बांधलेला नियोजन अर्जाचा कागद आपण वाचत नाही. तो वाचत जा. जुनी इमारत पाडायची असो वा तिच्या डोक्यावर चार मजले चढवायचे असोत, हरकत किंवा पाठिंबा नोंदवायला साधारण 21 दिवस मिळतात. त्यासाठी घराचे मालक असावं लागत नाही, ब्रिटिश नागरिकत्वही लागत नाही. पालिकेच्या संकेतस्थळावर चार ओळी लिहिल्या तरी त्या नोंदल्या जातात. उंच इमारतींना माझा सरसकट विरोध नाही, लोकांना घरं हवीच आहेत. पण आपण गप्प बसलो तर आपल्या रस्त्याचा निर्णय आपल्याला वगळून होईल.

मंडळातर्फे आपण एक पायी फेरी काढतोय. मठ, वेस, तुरुंगाची भिंत आणि न्यूटाउन, सगळं एका दुपारी होतं. मुलांना आणि इथं आलेल्या आई-वडिलांनाही घेऊन या, रस्ता सपाट आहे. नावं चहाच्या टेबलावरच्या वहीत लिहा.