अंडी घालून मोकळे होणारे मासे

मित्रहो, गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्यांवर आणि छातीच्या परांच्या कडेवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले, की अनेक जण तो रोग समजून टाकीत औषध ओततात. वास्तविक ती विणीची खूण असते. मग एखाद्या पहाटे नर मादीला पाणवनस्पतींमध्ये रेटू लागतो आणि काही तासांत शेकडो चिकट अंडी पानांना, काचेला, फिल्टरच्या नळीलाही लागलेली दिसतात. या माशांना आपल्या अंड्यांची यत्किंचित ममता नसते. धावपळ संपल्यावर त्यांचा पहिला फराळ त्याच अंड्यांचा होतो.

म्हणून त्याच सकाळी अंडी लागलेल्या हायड्रिला या पाणवनस्पतीच्या फांद्या किंवा नायलॉनच्या धाग्यांचे झुबके उचलून, त्याच टाकीचे पाणी वीतभर भरलेल्या दुसऱ्या टाकीत ठेवावेत. गोगलगायी मात्र सोबत येऊ देऊ नयेत, कारण त्याही अंडी खातात.

खरी कसोटी यानंतर लागते. फलित अंडे टाचणीच्या डोक्याएवढे, किंचित पिवळसर आणि पारदर्शक असते. अफलित अंडे दुधी होते, त्यावर कापसासारखी बुरशी चढते आणि तिचे तंतू शेजारच्या चांगल्या अंड्यालाही वेढतात. अशी अंडी ड्रॉपरने रोज वेचून काढावीत आणि पाण्याला फिकट आकाशी रंग येईल इतकेच मिथिलीन ब्लू हे बुरशी रोखणारे निळे औषध घालावे. मुख्य टाकीत ते घालू नये, कारण फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंना त्याने अपाय होऊ शकतो. सुमारे 24 अंश सेल्सिअस तापमानात तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. त्याआधी भिंगातून पाहिले, तर अंड्यातले दोन काळे डोळे दिसतात आणि मधूनच आतला जीव शेपटीचा झटका देतो.

बाहेर आलेली पिल्ले पापणीच्या केसासारखी काचेला चिकटून राहतात. तेव्हा खाऊ घालण्याची घाई नको; पोटाला जोडलेल्या पिवळ्या पिशवीवर त्यांचे दोनेक दिवस भागते. ती मोकळी पोहू लागली, की मात्र या जठर नसलेल्या, सतत चरणाऱ्या जातीला थोडे थोडे, पण वारंवार लागते. माझी पहिली वीण मी याच टप्प्यावर गमावली. उकडलेल्या अंड्याचा बलक मी प्रेमाने चांगला चमचाभर कालवून घातला. संध्याकाळपर्यंत पाणी ताकासारखे झाले आणि सकाळी एकही पिल्लू उरले नव्हते. आता मी मिठाच्या पाण्यात दिवस-दीड दिवस उबवलेली ब्राइन श्रिम्प या चिमुकल्या, कोळंबीसारख्या जीवाची ताजी पिल्ले गाळून, धुऊन देतो; खाल्ल्यावर माशांची पोटे केशरी दिसतात, त्यामुळे कोण उपाशी राहिले तेही कळते.

साधा फिल्टर पिल्लांना ओढून घेतो, म्हणून स्पंज फिल्टरच हवा आणि त्याचे बुडबुडेही मंद हवेत. रोज थोडे पाणी बदलावे. नव्या पाण्यातील क्लोरीन घालवलेले असावे आणि त्याचे तापमान टाकीतल्या पाण्याएवढेच असावे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: ही पिल्ले कित्येक आठवडे शेवाळी-तपकिरीच असतात आणि काही तर जन्मभर तशीच राहतात. त्यामुळे महिन्याभरात केशरी रंग दिसला नाही, तर कुठल्या तरी नदीतले मासे आपल्या टाकीत आले, असा समज करून घेऊ नये.