नोबिता ‘ढ’ आहे, पण डोरेमॉन ही मोठं होण्याचीच गोष्ट आहे

नमस्कार मंडळी! आज डोरेमॉन. हो, तोच. जपानी कार्टूनमधला, भविष्यातून आलेला, नोबिता नावाच्या शाळकरी पोराच्या घरी राहणारा रोबो. निळा, बिनकानाचा, मांजर असून उंदराला घाबरणारा. आणि आधीच सांगून टाकते, आज मी त्याची वकिली करणार आहे. विरोधी पक्षाचे वकील तर घरोघरी आहेत.

तक्रारी साधारण दोन असतात. पहिली, मुलं घरात हिंदी बोलायला लागतात. ही खरी आहे. भारतात डोरेमॉन 2005 पासून हिंदीत दिसायला लागला आणि आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी शाळेत हिंदीचं पुस्तक हातात पडायच्या आधीच ती भाषा नोबिताकडून उचलली. बांगलादेशात तर याच कारणावरून 2013 मध्ये हिंदी डोरेमॉनचं प्रक्षेपण बंद केलं. या तक्रारीवर माझ्याकडे उत्तर नाही. पुढे जाऊ.

दुसरी तक्रार मात्र मला मान्य नाही. ‘तो नोबिता बघा, अभ्यास नाही, दुपारी ताणून देतो, पेपरात शून्य, आणि जरा काही झालं की रडत डोरेमॉनकडे. पोरं हेच शिकणार!’

आता एक भाग नीट बघू. मेमरी ब्रेडचा. दुसऱ्या दिवशी परीक्षा आहे, नोबिताचं काहीही झालेलं नाही. डोरेमॉन पोटावरच्या जादुई खिशातून भविष्यातलं गॅजेट, पावाचे स्लाइस, काढतो. पुस्तकाच्या पानावर पाव दाबायचा, अक्षरं पावावर उमटतात, पाव खायचा, पान पाठ! परीक्षेच्या आदल्या रात्री हे कोणाला नको असेल? (मला आजही हवंय.) पण पोट शेवटी एकच. पानांमागून पानं गिळून नोबिताचं पोट बिघडतं, तो संडासात जातो आणि सगळं पाठांतर तिथेच वाहून जातं. पुन्हा पहिल्यापासून.

जवळजवळ प्रत्येक भागाचा साचा हाच आहे. अडचण, गॅजेट, दहा मिनिटांची मजा आणि मग गॅजेट अंगावर उलटतं. आळशीपणा शिकवणाऱ्या मालिकेत आळशी पोराची दर वेळी इतकी फजिती का करतील?

पण माझा खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. त्यासाठी कार्टूनच्या मागे, कागदावर जावं लागेल.

[स्क्रीनवर: 1970]

डोरेमॉन सुरू झाला तो मासिकात. जपानमध्ये शोगाकुकान नावाची प्रकाशनसंस्था आहे, तिची मुलांची मासिकं इयत्तेप्रमाणे निघायची. पहिलीचं वेगळं, दुसरीचं वेगळं, तिसरीचं वेगळं. जानेवारी 1970 च्या अंकांत डोरेमॉन एकाच वेळी सहा मासिकांत आला, बालवाडीच्या वयापासून चौथीपर्यंत. आणि सगळीकडे तीच गोष्ट छापली नाही. चित्रकार फुजिको एफ. फुजिओ प्रत्येक वयासाठी वेगळी गोष्ट काढायचे. लहानांना सोपी, चौथीच्या मुलांना जरा अवघड, जरा खट्याळ.

आता यातली गंमत बघा. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. म्हणजे मार्चचा अंक हातात पडला की वाचक त्या मासिकातून बाहेर. एप्रिलपासून वरच्या इयत्तेचं मासिक. आणि सुरुवातीला पाचवीच्या मासिकात डोरेमॉन नव्हताच! चौथी संपली की मुलाचा आणि डोरेमॉनचा संबंध संपला.

मग फुजिओंनी काय केलं? मार्च 1971 च्या चौथीच्या अंकात त्यांनी डोरेमॉनला भविष्यात परत पाठवलं. 1972 च्या मार्चमध्ये पुन्हा, वेगळी गोष्ट लिहून. या दुसऱ्या गोष्टीत डोरेमॉन निघून गेल्यावर नोबिता सायकल शिकतोय. पडतोय, उठतोय, परत पडतोय. आणि डोरेमॉन भविष्यात बसून टाइम टीव्हीवर, म्हणजे दुसऱ्या काळातलं दाखवणाऱ्या टीव्हीवर, ते सगळं बघतोय. कुठलंही गॅजेट नाही, नुसती सायकल आणि फुटलेली ढोपरं. चौथी संपवणाऱ्या मुलाला त्या महिन्यात हे वाचताना काय वाटलं असेल!

मग येते सगळ्यात गाजलेली निरोपाची गोष्ट, मार्च 1974, तिसरीच्या अंकात. त्याआधी 1973 मध्ये डोरेमॉनचं पहिलं टीव्ही कार्टून एप्रिलमध्ये सुरू होऊन सप्टेंबरमध्ये बंदही पडलं होतं. ते फारसं कोणाला आठवत नाही.

ही गोष्ट जरा सावकाश सांगते. डोरेमॉनला परत जायचंय. शेवटच्या रात्री दोघांना झोप येत नाही, म्हणून ते फिरायला बाहेर पडतात. रडू लपवायला डोरेमॉन जरा बाजूला जातो आणि नेमका तेव्हाच नोबिताला त्याच्या मित्रांमधला दादा, जियान, भेटतो. जियानला झोपेत चालायची सवय आहे आणि नोबिताने ते बघितलं, म्हणून त्याचं डोकं फिरतं. एरवी नोबिताने काय केलं असतं? ‘डोरेमॉन, वाचव!’ आज तो म्हणतो, हे भांडण आपल्या दोघांचं, त्याला मध्ये आणायचं नाही. मार खातो, पडतो, उठतो, पुन्हा जियानला चिकटतो. सोडतच नाही. शेवटी जियानच कंटाळतो, म्हणतो, बाबा, हरलो मी! आणि निघून जातो. डोरेमॉन शोधत येतो तेव्हा सुजलेल्या तोंडाने नोबिता त्याला सांगतो, मी एकट्याने जिंकलो, आता तू निवांत जा.

सकाळी खोली रिकामी आहे. नोबिताच्या टेबलाच्या ज्या ड्रॉवरमधून टाइम मशीन यायचं तो ड्रॉवर आता साधा ड्रॉवर आहे.

‘पोरं बिघडतात’ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट पाहिलेली असते का, हा माझा खरंच प्रश्न आहे.

आणि लगेच पुढच्याच महिन्यात, एप्रिल 1974 च्या चौथीच्या अंकात, डोरेमॉन परत! म्हणजे तीच मुलं वरच्या वर्गात गेली, नवा अंक उघडला आणि हा तिथे हजर. तोही कसा येतो बघा. एक एप्रिलला जियान थाप मारतो की डोरेमॉन दिसला. नोबिता वेड्यासारखा धावतो, सगळे हसतात. घरी येऊन तो डोरेमॉनने ठेवलेली वस्तू काढतो. हे एक पेय आहे. ते प्यायल्यावर जे बोलाल त्याच्या उलटं घडतं. आधी जियान आणि त्याचा साथीदार सुनियो यांचा हिशेब चुकता होतो, तो भाग तुम्हीच बघा. मग जीव जड होऊन तो घरी निघतो आणि स्वतःशीच म्हणतो, डोरेमॉन आता कधीच येणार नाही. पेयाचा अंमल अजून उतरलेला नसतो! खोलीत डोरेमॉन उभा. आणि नोबिता आनंदाने रडत ओरडतो की मला मुळीच आनंद झालेला नाही. त्या अवस्थेत बिचारा दुसरं बोलणार काय?

आता मैत्रीबद्दल थोडं. शाळा सुटली की ही मंडळी जमतात ती मोकळ्या प्लॉटवर, सिमेंटच्या तीन मोठ्या पाइपांपाशी. टोकियोत गटारांची मोठी कामं निघाली होती त्या काळातलं हे दृश्य. तिथे मोठं माणूस कोणी नाही. जियानचं भयानक गाणं तिथेच, मारामारी तिथेच, बेसबॉल तिथेच. जियान दादागिरी करतो, सुनियो श्रीमंतीचा तोरा मिरवतो, तरी दुसऱ्या दिवशी सगळे परत एकत्र. जियान मला लहानपणी अजिबात आवडायचा नाही, पण 1980 पासून जे मोठे चित्रपट येतात त्यांत संकटात हाच पहिला पुढे होतो. एक गोष्ट मात्र या मालिकेची मी सावरून घेणार नाही. नोबिताची मैत्रीण शिझुका, तिच्या अंघोळीचे विनोद. तेव्हाही ते वाईट होते, आज तर बघवत नाहीत.

हे सगळं लिहिणाऱ्या माणसाची स्वतःची गोष्टही शाळेच्या बाकावरच सुरू होते. फुजिको एफ. फुजिओ म्हणजे हिरोशी फुजिमोतो, जन्म 1933, गाव ताकाओका. खेळात कच्चे. नोबिता म्हणजे मीच, असं ते सांगायचे. 1944 मध्ये त्यांच्या शाळेत एक नवा मुलगा आला, मोतोओ आबिको. त्याचे वडील बौद्ध मंदिराचे प्रमुख होते, ते वारल्यामुळे कुटुंबाला गाव सोडावं लागलं होतं. नवा मुलगा वर्गात वहीत चित्र काढत बसलेला असताना फुजिमोतोंनी ते पाहिलं आणि मैत्री जमली. पुढे दोघं मिळून टोकियोला गेले आणि ‘फुजिको फुजिओ’ या एकाच नावाने 1987 पर्यंत काम केलं. डोरेमॉन मात्र फुजिमोतोंचा. बाकावरची मैत्री चाळीस वर्षं कशी टिकते हे त्यांना कल्पनेने लिहायची गरज नव्हती.

टीव्हीवर डोरेमॉन खऱ्या अर्थाने बसला तो 2 एप्रिल 1979 पासून. तेव्हा सोमवार ते शनिवार, रोज दहा मिनिटं. तेव्हापासून 2005 पर्यंत डोरेमॉनचा जपानी आवाज नोबुयो ओयामा यांचा होता. मग सगळा संच बदलला आणि वासाबी मिझुता आल्या. आपल्या कानात बसलेला हिंदी आवाज सोनल कौशल यांचा.

आता मुलांबरोबर बसून काय बघायचं? निरोप आणि परत येणं, दोन्ही हवं असेल तर 2014 चा ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’. त्यातच मोठेपणी नोबिता आणि शिझुकाच्या लग्नाच्या आदल्या रात्रीचा प्रसंग आहे. शिझुका वडिलांना म्हणते, मी जाऊ नये असं वाटतं. ते सांगतात, तू निवडलेला मुलगा दुसऱ्याच्या सुखाने सुखावतो आणि दुसऱ्याच्या दुःखाने दुखावतो. मार्कांचा विषयच नाही! आजीची गोष्ट 2020 च्या दुसऱ्या भागात सापडेल. नोबिता टाइम मशीनने आपल्या वारलेल्या आजीला भेटायला जातो आणि ती या चष्मेवाल्या अनोळखी पोराला लगेच ओळखते. तुला दप्तर घेऊन शाळेत जाताना बघायचंय, म्हणते. तो धावत जाऊन दप्तर आणतो. मूळ गोष्टीत मग तिला नातसूनही बघावीशी वाटते, तर हा पठ्ठ्या सरळ शिझुकाकडे जाऊन विचारतो, आत्ता लगेच लग्न करशील का?

आजीची गोष्ट आजी-आजोबांना बरोबर घेऊनच बघा, आणि रुमालाचा डबा जवळ ठेवा. तुमच्या घरात डोरेमॉनवर बंदी असेल तर ती कोणी आणि का घातली, ते खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यांच्याशी भांडायला मी येतेच!