बुवा दमला

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय सीडी विकत घेण्याबद्दल. हसू नका. ज्यांच्या घरातला प्लेअर अजून चालू आहे आणि जुन्या दुकानातलं सीडीचं खोकं दिसलं की ज्यांचा पाय निघत नाही, त्यांच्याशी मी बोलतोय.

पहिली गोष्ट, कव्हरची पाठ वाचा. पुढं नुसता फोटो असतो, खरं काय ते पाठीवर. शास्त्रीय गाण्याची सीडी असेल तर मिनिटं बघा. एका सीडीत 74 मिनिटं मावतात, फार तर 80. तेवढ्यात दोनच राग असतील तर गाणं निवांत झालंय. वीस चिजा असतील तर बहुधा त्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरच्या, साडेतीन मिनिटांत आटपलेल्या. पण आटपलेलं म्हणून कमी समजू नका हं. 1977 साली व्हॉयेजर यानासोबत केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांचीच. केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या आणि खाँसाहेब आपल्या शाहू महाराजांच्या दरबारचे. म्हणजे कोल्हापूरचं गाणं कुठच्या कुठं पोचलंय, आणि आपण अजून रंकाळ्यावर गाडी लावायला जागा शोधतोय.

लावणी, गझल, सिनेमाची गाणी घेताना पाठीवर गायकाचं नाव शोधा. मूळ गायकाचं नाव नसेल, तर तीच गाणी दुसऱ्या कुणीतरी गायलेली असतात. इंग्रजी रॉकच्या सीडीवर ‘रीमास्टर्ड’ लिहिलेलं असतं, म्हणजे जुनं ध्वनिमुद्रण नव्यानं सुधारून घेतलेलं. काही वेळा त्यानं गाणं स्वच्छ होतं, काही वेळा नुसतं मोठ्यानं वाजतं. आणि दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी स्वस्त पडते, पण ती जुन्या प्लेअरवर वाजत नाही. तेव्हा पुन्हा सांगतो, पाठ वाचा.

पाठ वाचूनही भागत नाही, ते मी महाद्वार रोडजवळच्या एका बोळातल्या दुकानात बघितलं. वीसेक वर्षं झाली. मिसळ खाऊन तिथं शिरलो होतो. मिसळ स्लाईस ब्रेडबरोबरच खावी, पाववाल्यांनी मला पत्र लिहू नये. तर दुकानात गारगोटीकडचे एक पाव्हणे आले. डोक्याला पटका, हातात रिकामी पिशवी. म्हणाले, “एक अभंग पायजे. आईला ऐकायचाय.”

“कुठला, पाव्हणं?”

“शब्द न्हाईत ध्यानात. चाल हाय.” आणि उभ्या उभ्या गुणगुणायला लागले. खालच्या पट्टीत, अगदी सावकाश.

मालकानं विचारलं, “गायलंय कुणी?”

“बुवा हाय कुणीतरी. जड आवाजाचा.”

झालं. मालकानं बुवांच्या सीड्या काढायला सुरुवात केली. एक लावली, न्हाई. दुसरी लावली, ह्यो न्हवं. गिऱ्हाइकं पण कामाला लागली. एक मास्तर म्हणाले, चाल भैरवीतली आहे. एका बाईंनी ती गुणगुणून दाखवली, तर पाव्हणे म्हणाले, “चाल बरोबर हाय ताई, पण तुमी लई पळताय.” अर्धा तास गेला. काउंटरवर बुवांचा ढीग झाला. मीही दोन नावं सुचवली, दोन्ही चुकली.

शेवटी पाव्हणे कंटाळून म्हणाले, “आमच्यात रातीला भाकरी थापताना आई ह्योच लावायची. निम्म्यात आला की म्हणायची, बुवा दमला आता, ऱ्हाऊ दे.”

कोपऱ्यात कॅसेटी पुसत बसलेला दुकानातला पोरगा मान वर न करता म्हणाला, “मामा, टेप सेलवर चालायचा काय?”

“व्हय की. लाईट कुठं हुती वस्तीवर?”

पोरगा उठला, बायकांच्या गाण्यांच्या फळीवरनं एक सीडी काढली आणि लावली. लख्ख बाईचा आवाज. पाव्हणे आधी नको नको म्हणाले, मग गप्प झाले, मग कान जवळ नेला. तोच अभंग होता. सेल उतरले की कॅसेटचा टेप हळू फिरतो, गाणं रेंगाळतं आणि आवाज खाली येतो. त्या घरात वर्षानुवर्षं एका बाईचा बुवा झाला होता. सीडीचं तसं नाही. सीडी दमत नाही. वाजली तर बरोबर वाजते, नाहीतर अडखळते, बंद पडते.

पाव्हण्यांनी विचारलं, “ह्ये हळू व्हत न्हाई?”

मालक म्हणाला, “न्हाई.”

पैसे दिले, सीडी पिशवीत घातली आणि दारातनं म्हणाले, “बाई हाय म्हणून आईला सांगत न्हाई. बुवा तरणा झालाय म्हणतो.”

अरे, वेळ संपत आली की. सीडी पुसायचं राहिलं. मऊ सुती कापडानं, मधल्या भोकाकडून कडेकडं सरळ पुसायची. गोल गोल नाही. पुन्हा सांगतो, गोल नाही, मधून कडेकडं. आणि जपायची ती छापील बाजू. लोक चकचकीत बाजूला जपतात, पण गाणं छापील बाजूच्या लगेच खाली असतं, तिथं खरवडलं की गेलं. म्हणून त्या बाजूवर बॉलपेननं नाव घालू नका. कव्हरवर घाला. नमस्कार.