टिंबं दबू नयेत म्हणून

(कटरखाली पुस्तक)

छापील पुस्तकाचं ऐकायचं किंवा ब्रेल पुस्तक करायचं, तर आधी त्याचा कणा, म्हणजे बांधणीची कड, कापायचा. कणा राहिला तर पान स्कॅनरच्या काचेवर सपाट बसत नाही, ओळ वाकते, शिरोरेषा तुटते. स्कॅन 300 डीपीआयला, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके. कागद पातळ असेल तर मागे काळा कागद ठेवायचा, नाहीतर पाठच्या बाजूची अक्षरं पुढे उमटतात.

नागपुरातल्या या खोलीत ही पुस्तकं तयार होतात ती दृष्टिहीन वाचकांसाठी, आणि हात साथ देत नाहीत म्हणून ज्यांना पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही, त्यांच्यासाठीही. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर असं पुस्तक नफा न घेता तयार करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. पण कापण्याआधी ‘सुगम्य पुस्तकालया’च्या ऑनलाइन यादीत शोधायचंच. 2016 पासून देशभरातल्या संस्था तिथे फाइली ठेवतात. तेच पुस्तक आधी कुणी केलेलं असू शकतं.

(पडद्यावर मजकूर, शेजारी छापील पान)

खरे दिवस जातात ते इथे. स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखताना संगणक ‘घर’चं ‘धर’ करतो, रफार गाळतो, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द तसाच ठेवतो. डोळ्यांनी वाचणारा अंदाजाने पुढे जातो. कानांनी वाचणाऱ्याला जे लिहिलंय तेच ऐकू येतं. म्हणून एक जण मूळ पान मोठ्याने वाचतो, दुसरा पडद्यावर तपासतो. प्रकरणांच्या शीर्षकांना फाइलमध्ये शीर्षकाचीच (‘हेडिंग’) शैली द्यायची; ती नसेल तर ऐकणाऱ्याला थेट सातव्या प्रकरणावर जाता येत नाही.

(एम्बॉसर, म्हणजे कागदावर टिंबं उठवणारं यंत्र, सुरू)

आता ब्रेल. सहा टिंबांची एक चौकट. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये ‘पुस्तक’ लिहायला अशा सहा चौकटी लागतात: प, उ, हलन्त, स, त, क. हलन्त अक्षराच्या आधी येतो, वेलांटी-उकार अक्षराच्या नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. कागद जाड, टिंबं उठावाची, त्यामुळे एका कादंबरीचे तीन-चार जाडजूड खंड होतात. हे खंड उभेच ठेवायचे. आडवे रचले की वजनाने खालची टिंबं दबतात, आणि दबलेलं टिंब बोटाला लागत नाही.

(सिव्हिल लाइन्स, जीपीओ)

पाकिटावर ‘अंध साहित्य’ असं ठळक लिहायचं. ते चिकटवून बंद करायचं नाही, तपासणीसाठी उघडता आलं पाहिजे. वजन सात किलोच्या आत. मग टपाल हशील लागत नाही. गोंदिया असो की गडचिरोली, वाचकाला पुस्तक घरपोच, विनामूल्य मिळतं.

(पुन्हा कटर)

आणि हा कटर. प्रकाशकाकडे पुस्तकाची फाइल असते, पण पुष्कळदा जुन्या फॉन्टमधली. ती उघडली की स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, निरर्थक अक्षरं वाचतो. तीच फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, मिळाली, तर कणा कापावा लागत नाही, स्कॅनही नाही. काम थेट शीर्षकांपासून सुरू होतं.