बाळाची भाजी, पण पातळ नको

श्रोतेहो, नमस्कार.

उष्टावण झालं. मामाच्या मांडीवर बसून बाळानं खीर चाखली, सगळ्यांचे फोटो काढून झाले. त्या खिरीतली साखर आपण सोडून देऊ, कौतुकाचा दिवस होता. (एरवी बाळ वर्षाचं होईपर्यंत साखर नको, मीठही नको आणि मध तर अजिबात नको.) दुसऱ्या दिवसापासून खरा प्रश्न उभा राहतो, बाळाला द्यायचं काय? बहुतेक घरांत उत्तर तयार असतं, वरणाचं पाणी नाहीतर भाजीचं पाणी. “दात कुठे आलेत त्याला? पातळच दे हो.” आज माझं भांडण आहे ते या पातळपणाशी.

जरा हिशेब करू. तान्ह्या बाळाच्या पोटात वजनाच्या किलोमागे साधारण 30 ग्रॅम अन्न मावतं. म्हणजे सात किलोच्या बाळाचं पोट दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमचं. आईच्या 100 मिली दुधात 65 ते 70 कॅलरी असतात. वरणाच्या निवळीत त्याच्या जवळपासही नसतात. ही निवळ पोटभर पाजली की बाळ दूध कमी पितं. म्हणजे नवीन अन्न सुरू करायच्या नावाखाली आपण त्याचं चांगलं अन्न काढून घेतलं!

तेव्हा भाजी द्यायची ती भाजी म्हणूनच. लाल भोपळ्यापासून सुरुवात करा. तो गोडसर असतो, पटकन शिजतो आणि बहुतेक मुलांना आवडतो. साल आणि बिया काढून मूठभर फोडी छोट्या डब्यात घ्या. डब्यात पाणी घालू नका, पाणी कुकरच्या तळाशी. दोन-तीन शिट्ट्या पुरतात. झाकण काढल्यावर डब्यात भोपळ्याचं स्वतःचं पाणी सुटलेलं दिसेल, ते ओतून देऊ नका. भाजी सैल करायला तेच वापरायचं.

आता मिक्सर काढाल, तर एवढीशी भाजी भांड्याच्या कडांनाच चिकटून बसते. त्यापेक्षा माळ्यावरचं पुरणयंत्र खाली काढा. होळीची वाट पाहत ते उगाच पडून असतं. पुरणाची चाळणी असली तरी चालेल. फोडी वाटीच्या बुडानं दाबून चाळल्या की धागे वर राहतात आणि खाली मऊसूत गर पडतो. मटार, फरसबीसाठी तर चाळणीच बरी, टरफलं वरच राहतात. गाजर, रताळं, दुधी यांनाही हीच रीत. दुधीची कच्ची चकती मात्र आधी जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर सरळ टाकून द्या, कडू दुधी विषारी असतो, ते विष शिजवूनही जात नाही.

गर किती घट्ट हवा? चमचा तिरका केला तर तो चमच्यावर टिकला पाहिजे, घरंगळून जाता कामा नये. शेवटी अर्धा चमचा साजूक तूप. हे लाडासाठी नाही, गाजर-भोपळ्यातल्या पिवळ्या रंगापासून अ जीवनसत्त्व मिळायला स्निग्ध पदार्थ लागतोच.

पण नुसत्या भाजीवर थांबू नका. जन्मतः बरोबर आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. भोपळा ती उणीव भरून काढत नाही. म्हणून दोन-चार दिवसांत त्याच गरात मऊ शिजलेली मुगाची डाळ मिसळा, वर लिंबाचे दोन थेंब. क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं. घरात चालत असेल तर पूर्ण उकडलेलं अंडंही कुस्करून द्या. नवीन पदार्थ एका वेळी एकच, मग तीन दिवस थांबा. पुरळ किंवा उलटी झाली तर कशामुळे, ते कळतं.

सुरुवातीला दिवसातून दोनदा, दोन-तीन चमचे पुरे. बाळ तोंड वाकडं करेल, जिभेनं बाहेर ढकलेल. एवढ्यावर “याला भोपळा आवडत नाही” असा निकाल आजीनंही देऊ नये. एखादी चव पटायला आठ-दहा वेळा द्यावी लागते. मात्र मान फिरवली की थांबा. हात धरून, नाक दाबून भरवणं हा छळ आहे, मग तो कितीही मायेनं केलेला असो.

आणि चाळणीचं काम महिना-दीड महिन्याचंच. सातव्या-आठव्या महिन्यात भाजी काट्यानं नुसती कुस्करा, बारीक गुठळ्या राहू द्या. पुढे हातात धरता येईल अशी शिजलेली मऊ फोड द्या. वर्षाच्या मुलालाही मिक्सरमधलंच भरवत राहिलं, तर ते चावायला शिकणार कधी? कच्चं गाजर मात्र हातात देऊ नका, घशात अडकतं.

उरलेल्या भाजीचं काय? चमचा बाळाच्या तोंडात जाऊन वाटीत बुडाला असेल, तर ती वाटी संपली, उरलेलं मोठ्यांनी खावं. वेगळी काढलेली भाजी फ्रीजमध्ये झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, देताना वाफ येईपर्यंत गरम करून निववायची. पालक आणि बीट मात्र ताजंच द्या.

बीट दिलं की दुसऱ्या दिवशी लंगोट लाल दिसतो, घाबरू नका. रोज गाजर-भोपळा झाला तर तळवे पिवळट होतात, तेही निरुपद्रवी. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर मात्र भाजीला दोष न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नमस्कार.